पहिल्या बॅचची पेन्शन

आमच्या फॅक्टरीच्या स्टोअरमधल्या मावशींचे माझ्यावर उपकार आहेत. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी फार अक्कल लढवली. अक्कल त्यांची. मी ती फक्त घाबरत घाबरत मीटिंगमध्ये बोललो.

मी हिंगोलीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. डिचोलीत औषधांची खोकी छापणाऱ्या फॅक्टरीत मशीनवर आहे. बायको-मुलं गावी, मी इथे भाड्याच्या एका खोलीत. रविवारी सकाळी पाव घेताना पोदेराशी, म्हणजे पाववाल्याशी, दोन शब्द होतात, मग गावाहून फोन येईपर्यंत तोंड बंद.

फॅक्टरीचा स्वतःचा पेन्शन फंड आहे. तो सांभाळणाऱ्या ट्रस्टमध्ये कामगारांचा एक माणूस लागतो. निवडायची वेळ आली तेव्हा फोरमन म्हणाला, "पेडण्याचा घेतला तर डिचोलीवाले पेटणार, डिचोलीचा घेतला तर पेडणेवाले. ह्या भायल्याला घाला, तो कुणाचाच नाही." भायलो म्हणजे बाहेरचा. सगळे हसले, मीही हसलो. असा मी ट्रस्टी झालो.

कामाचं स्वरूप मला वर्षभरानं थोडंफार कळलं. माणूस अठ्ठावन्नला निवृत्त झाला की त्याच्या वाटची मोठी रक्कम फंडातून एकदम काढून विमा कंपनीत भरायची. मग ती कंपनी त्याला मरेपर्यंत दरमहा पेन्शन देते. तोवर फंडाचे पैसे सरकारी रोख्यांत असतात.

त्या वर्षी एक जुना रोखा पिकला आणि बरेच पैसे परत आले. ऑफिसनं सुचवलं, सगळे वीस वर्षांच्या रोख्यात घालू, व्याज जास्त आहे. मला ते फार आवडलं. वीस वर्षं सरकार बांधलं गेलं, आणखी काय पाहिजे! मीच कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. फोरमननं पाठीवर थाप मारली. "शाबास रे भायल्या! बस हांगा." इतक्या वर्षांत त्या टेबलावर मला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. पुढचे पंधरा दिवस मी तिथेच जेवलो. खरं सांगायचं तर त्या पंधरा दिवसांत मला गावाची आठवण कमी आली.

रोख्याच्या कागदावर सही चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, होती. चवथीला दोन दिवस सुट्टी, आणि हिंगोलीला जाऊन यायला तेवढे दिवस पुरत नाहीत. स्टोअरच्या मावशींनी विचारलं, "खोलीत बसून कितें करतलो? चल धारगळला, माझ्या घरी." त्यांचा नवरा वारला होता, मुलगा परदेशात. आदल्या दिवशी आम्ही दोघं माटोळी बांधत होतो. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट, तिला रानातली आणि परसातली फळं बांधायची. मी स्टुलावर उभा, मावशी खालून सुंभ आणि फळं देत होत्या. नारळ, सुपारीचा घड, आंबाडे. काकड्या मात्र बाजारातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून निघाल्या.

"मावशी, परसात वेल आहेत ना?"

"आहेत मरे. ढीगभर तवशी लागली यंदा. पण अधिक महिन्यानं चवथ लांबली, आणि मी नेहमीच्याच वेळेला बी घातलं. श्रावणातच सगळी संपली. शेजाऱ्यांनी खाल्ली नि वर म्हणतात कडू होती." त्या हसल्या. "मग काल बाजारात दुप्पट पैसे मोजले."

मी माझ्या रोख्याची बढाई सुरू केली. वीस वर्षं, इतकं व्याज. मावशींनी हातातली काकडी खाली ठेवली.

"पुता, आमची पहिली बॅच कधी सुटते, ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. फॅक्टरी सुरू झाली तेव्हा आसपासच्या गावांतल्या मुली एकदम घेतल्या होत्या. मावशी त्यांतल्याच. त्या सगळ्या पुढच्या तीन वर्षांत निवृत्त होणार होत्या.

"आमचे पैसे वीस वर्षांनी पिकणार, आणि आम्ही पुढच्या वर्षीपासून घरी. मग विमा कंपनीत भरायला आणणार कुठून?"

"रोखा मधेच विकता येतो म्हणाले."

"येतो. पण कितीला? तेव्हा व्याज वाढलं असेल तर जुना रोखा पडेल भावात जातो. माझ्या भावाचा तसाच गेला होता." मग थांबून म्हणाल्या, "ह्यात माझं नाव घेऊ नकोस. त्या यादीत मी पण आहे. म्हणतील, स्वतःसाठी केलं."

 त्या रात्री मला पैसे बुडण्याची भीती होतीच, पण कँटीनमधल्या खुर्चीची जास्त होती. हे लिहायला लाज वाटते.

मीटिंगमध्ये मी सहीचा कागद बाजूला सारला. मी म्हणालो, "आधी यादी आणा. कोण कधी निवृत्त होतंय आणि त्याला किती लागणार. मग सही." मॅनेजरसाहेब म्हणाले, "आता तू शिकवणार?" पण फंडाचे सल्लागार फोनवर होते, ते म्हणाले की प्रश्न बरोबर आहे, यादी काढाच. यादी आली. पहिल्या बॅचला लागणारे पैसे एक, दोन आणि तीन वर्षांत पिकणाऱ्या रोख्यांत घातले, प्रत्येक निवृत्तीच्या थोडे आधी हातात येतील असे. उरलेले, आम्हा तरण्यांचे, लांबच्या रोख्यात. जवळच्या रोख्यांना व्याज कमी मिळालं.

तेवढं कँटीनला पुरलं. "काय ट्रस्टीसाहेब, आमचं व्याज कुठे सांडलंत?" "शेवटी भायलो तो भायलोच." खुर्चीवर कुणीतरी डबा ठेवायला लागलं. मी पुन्हा मशीनशेजारी खोक्यांच्या गठ्ठ्यावर बसून जेवायला लागलो. मावशी लांबून बघायच्या. एकदा त्या बोलायला उठल्या तर मीच मानेनं नको म्हटलं.

पुढच्या वर्षी व्याजदर चढले. लांबचा रोखा तेव्हा विकला असता तर किती तोटा झाला असता, ते ऑफिसनं मला कागदावर दाखवलं. कँटीनमध्ये ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मावशींच्या निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात त्यांच्या बॅचचा पहिला रोखा पिकला. पैसे वेळेवर भरले गेले. दीडेक महिन्यानं दुपारी फोन आला, "आली रे पुता, पेन्शन आली. पुरी आली." त्यामागून नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "जेवलास?"

जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो. फोन ठेवून मशीनच्या मागे गेलो आणि डबा उघडला.

आता स्टोअरमध्ये दुसरा माणूस आहे. मावशी धारगळच्या घरात एकट्या, मी डिचोलीच्या खोलीत एकटा. पहिल्या बॅचच्या अजून काही जणी सुटायच्या आहेत. प्रत्येकीच्या महिन्याआधी मी ऑफिसात जाऊन रोखा पिकला का ते विचारून येतो.

मावशी, हे कसं फेडायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पैशानं फिटणार नाही, आणि तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत. पण कधीतरी तुम्हाला माणूस लागेल. दवाखान्यात शेजारी बसायला, ऑफिसात कागद घेऊन उभं राहायला. त्या दिवशी फोन करा. मी पाळीवर असलो तरी येईन, हिंगोलीला असलो तरी निघेन. एक दिवस हे फेडीन.