होडीच्या मशीनमध्ये ओतलेला डबा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोलाही अर्धीच सांगितली होती, आणि त्या अर्ध्यात माझा दोष नव्हता. आता नीट लिहितो.

ठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. राहायला कळव्याला. ऐंशीच्या दशकात आमच्या बिल्डिंगीत पाच-सहा स्कूटर होत्या आणि सगळ्यांचं दुखणं एकच, कार्बोरेटर तुंबायचा. मी प्रयोगशाळेतून सॉल्व्हंट आणायचो. कार्बोरेटर उघडून, पेट्रोल सोडणारे बारीक जेट त्यात भिजत ठेवून, फुंकर मारून परत बसवायचो. गाडी पहिल्या किकला सुरू व्हायची. शेजारी म्हणायचे, "काका, तुम्ही डॉक्टरच व्हायला हवं होतं!" मला ते फार आवडायचं.

खाडीवरच्या दोन कोळी भावांशी माझी ओळख मासळीमुळे झाली. त्यांच्यात वाटणी ठरलेली होती. जाळं थोरल्याचं, मशीन धाकट्याचं. मशीन सुरू करायचं हँडल धाकट्याशिवाय कुणी हातात घ्यायचं नाही. चाळिशीला आलेला हा माणूस ते हँडल घरी नेऊन देवाच्या फळीखाली ठेवायचा.

एकदा तो म्हणाला, "साहेब, मशीन लय धूर मारतंय. तुमचं ते औषध आमच्या मशीनला नाय का चालत?"

कार्बोरेटर आणि डिझेलचं जुनं मशीन यांत फरक होता, हे मला कळत होतं. पण इंजिनच्या तेलात मिसळून आतला गाळ धुणारं एक द्रावण तेव्हा आमच्याकडे चाचणीला आलं होतं. त्यातला एक डबा मी पिशवीत घालून आणला. न विचारता. धाकट्याला म्हटलं, "कुणाला बोलू नकोस. कंपनीत कळलं तर माझी नोकरी जाईल."

"तुमच्या नोकरीवर येईल असं मी कशाला बोलू?" तो हसला.

थोरला बर्फ आणायला गेला होता, तेवढ्यात मी डबा तेलात ओतला. रीत मला ठाऊक होती. दहा मिनिटं मशीन नुसतं हळू चालवायचं, ओझं द्यायचं नाही, मग सगळं तेल काढून नवं भरायचं. पण थोरला लवकर परतला आणि ओहोटी लागायच्या आत निघायची घाई सुरू झाली. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी खुशाल त्याच्या कानाशी म्हणालो, "जाऊन या. आल्यावर तेल काढू. जास्त चाललं तर जास्त साफ होईल."

त्या एका वाक्याला कसलाही आधार नव्हता. त्याच्यासमोर शहाणं दिसायचं होतं, एवढंच.

भर खाडीत मशीन जाम झालं. होडी चिखलात रुतली. दुसऱ्या दिवशी लोकांनी ती दोर लावून ओढून आणली आणि मिस्त्रीने मशीन उघडलं. मीही तिथे होतो. तेल खेचणाऱ्या नळीच्या तोंडावरच्या जाळीवर काळा गाळ लोण्यासारखा थापला होता. मी पाहताक्षणी समजलो. वर्षानुवर्षांचा गाळ द्रावणाने एकदम सुटला, जाळी तुंबली, बेअरिंगला तेल पोचलं नाही.

मिस्त्री म्हणाला, "तेल बदलायचं नावच नाय घेतलं वाटतं कुणी!"

थोरला भावाकडे वळला. "तेल कुणाच्या ताब्यात होतं?"

"दादा, मी बदललेलं. गटारीच्या आधीच बदललेलं."

"मग हे काय हाय? झोपेत बदललंस? आईच्यान सांग!"

चार माणसं हसली. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि लगेच मान खाली घातली. त्याने फक्त माझं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. मी फक्त तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. मी चष्मा काढून रुमालाने पुसत राहिलो.

थोरल्याने त्याच्या हातातलं हँडल काढून घेतलं. "याला परत हात लावायचा नाय."

धाकटा होडीवर पुन्हा चढला नाही. थोड्या दिवसांनी बायकोला घेऊन तो टिटवाळ्याला सासुरवाडीजवळ राहायला गेला आणि नव्या बिल्डिंगींच्या कामांवर पाणी मारू लागला. खाडीवर मात्र 'तेल न बघणारा' हेच त्याचं नाव पडलं. पुढे थोरला वारला, तेव्हाही दोघांचं बोलणं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी निवृत्त झालो. गप्प राहायला नोकरीचं कारणही उरलं नाही. मी टिटवाळ्याला गेलो. त्याने मला लांबूनच ओळखलं, खुर्ची पुसून दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. त्याची बोटं सिमेंटने फुटली होती.

"नोकरी नीट पार पडली ना, साहेब?" त्याने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बोलता आलं असतं.

"पडली," मी म्हणालो.

चहा संपला. गुडघेदुखीचं बोललो, मुलांचं बोललो. तो मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. मी गाडीत बसलो.

पुढच्याच वर्षी तो गेल्याचं कळलं. त्याच्या दारात उभं राहून म्हणायचं होतं ते एवढंच होतं: मशीन माझ्यामुळे जाम झालं, तुझ्यामुळे नाही. तू माझा शब्द पाळलास आणि मी तुला भावासमोर खोटं पडू दिलं. मला माफ कर.