मुलीकडचा तारणारा

मुलीच्या लग्नात माझ्या नवऱ्यानं जावयाचे पाय धुतले, तेव्हा तांब्यानं पाणी मी ओतत होते. जावई खुर्चीत बसून मोबाईल पाहत होता. आमच्याकडं हे मुलीच्या आईबापानं करायचंच असतं, त्यात नवीन काही नाही. पण धुऊन झाल्यावर विहीणबाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, नीट धुतले नाहीत, परत धुवा. माझा नवरा परत वाकला.

माझा स्वभाव मुळात तिखट. आखाडा बाळापूरच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान आहे आणि तिथं मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मात्र गप्प बसले. ते गप्प बसणं मला पुढं कित्येक वर्षं आतून खात राहिलं.

मग शेजारच्या नर्सबाईंनी मला प्रार्थनेला नेलं. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, खाली सतरंजी, पंधरा-वीस माणसं. तिथं ऐकलं की देवानं पाठवलेला मसीहा, म्हणजे तारणारा, गर्विष्ठांना गादीवरून खाली ओढतो आणि दीनांना वर बसवतो. मला अगदी असाच हवा होता. सगळे डोळे मिटून प्रार्थना करायचे, मी डोळे मिटून विहिणीला गादीवरून खाली येताना पाहायचे. दीर म्हणाले, वहिनीला खूळ लागलं. तरी वर्षभर मी एक रविवार चुकवला नाही.

पुढं गुड फ्रायडेच्या आधीचा गुरुवार आला. आमचे पास्टर म्हणजे निवृत्त शाळामास्तर, गुडघ्यांनी हैराण झालेले. त्यांनी पाण्याचा टब आणि टॉवेल आणला. येशूनं पकडलं जाण्याआधी आपल्या शिष्यांचे पाय असेच धुतले, असं सांगून ते एकेकाचे पाय धूत माझ्यापर्यंत आले. मी पाय साडीत ओढून घेतले. माझं डोकंच फिरलं होतं.

"आमच्यात हे पोरीच्या बापाला करावं लागतं," मी म्हणाले. "तुमचा देव पोरीकडचा हाये का?"

मास्तरांनी जरा विचार केला. "व्हय बाई," ते म्हणाले, "पोरीकडचाच हाये."

मी चपला घातल्या आणि घरी आले. वाकणारा शोधायला मला तिथवर जायची गरज नव्हती, तसला एक घरात होताच. हा कसला तारणारा, असं म्हणून मी तीन-चार महिने तिकडं फिरकले नाही.

नर्सबाईंनी दिलेलं बायबल दुकानात खोक्यांमागं पडून होतं. मास्तरांना खोटं पाडायचं म्हणून मी एका दुपारी तीच गोष्ट काढून वाचली. तिथं लिहिलं होतं की देवानं सगळं आपल्या हाती दिलेलं आहे, हे येशूला ठाऊक होतं. ते ठाऊक असताना तो जेवणावरून उठला आणि त्यानं टॉवेल कमरेला बांधला. मी तिथंच थांबले. माझ्या नवऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती. याला तर कुणी सांगितलंही नव्हतं. शिवाय जो आपल्याला पकडून देणार, त्याचेही पाय यानं जाणूनबुजून धुतले. वाकला तो हरला, असं मी जन्मभर धरून चालले होते, आणि हा काही हरलेला दिसत नव्हता. मला त्याचा राग आला. त्याच रागातून माझा त्याच्यावर विश्वास कसा बसला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पुढच्या रविवारी मी परत सतरंजीवर जाऊन बसले.

परीक्षा लवकरच आली. मुलाचं लग्न ठरलं, सून डोंगरकडा गावची. आता आम्ही मुलाकडचे. खरं सांगते, या दिवसाची मी फार वाट पाहिली होती. आता दुसरं कुणी वाकणार आणि मी खुर्चीत बसून पाहणार. पण सुनेचे वडील सुपारीला आले, तेव्हाच हात जोडून इतके खाली झुकले की मला पाहवलं नाही. त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला माझा बेत सांगितला. ते म्हणाले, लोक हसतील. मी म्हणाले, हसून झालं की जेवतील. दिरांनी तर माझ्याशी बोलणंच टाकलं.

लग्नात सुनेच्या आईनं परात आणली, तशी मी उठून ती तिच्या हातातून घेतली. सुनेच्या वडिलांना खुर्चीत बसवलं आणि मी खाली बसले. नवरा तांब्या घेऊन आला. पहिल्याच रांगेत माझ्या मुलीची सासू बसली होती. त्या शेतकऱ्याच्या टाचांच्या भेगांमध्ये काळी माती बसली होती. मी ती अंगठ्यानं घासून काढली.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इहीणबाई, उठा," ते हळूच म्हणाले, "समदे बघून राहिले."

"बघू द्या," मी म्हणाले. "दुसरा पाय पुढं करा."