काळुराम कायदा पाळतो

कोलशेतच्या काळुरामला दोन हौशी होत्या. एक, माणसं वाळीत टाकायची. आणि दुसरी, एकुलत्या एक जयाचं लग्न सगळा गाव पंगतीला बसवून करायचं. पहिली बारा महिने भागायची. जातीच्या पंचांत तो मुख्य. कुणी न विचारता सोयरीक जमवली, कुणी रामराम घातला नाही, की काळुराम खाकरायचा आणि त्या घराचं विस्तव-पाणी बंद. एकदा तरी हा प्रसाद मिळाला नाही असं घर गावात नव्हतं.

एकोणपन्नास साली सरकारने कायदा आणला. कुणाला जातीबाहेर टाकाल तर दंड! शाळामास्तरांनी तो देवळापुढे वाचून दाखवला, तेव्हा काळुरामचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. पण गडी पोचलेला. टाकायला बंदी आहे ना? मग टाकायचंच नाही.

नव्या पद्धतीचा पहिला मान मिठागरावरच्या सहदेवला मिळाला. त्याने पंचांना न विचारता मुलीचं लग्न ठरवलं होतं. काळुरामने त्याला आपल्या ओट्यावर बोलावलं, वर चहाही पाजला.

"तुला कोनी वालीत टाकला नाय, सहदेव. कायदा हाय. पन त्या दिशी गावाला जरा कामा हान."

लग्नाच्या दिवशी निम्म्या गावाला ताप आला, उरलेल्यांचे बैल हरवले. आवडाबाई धवलारीण. तिने धवले गायल्याशिवाय तिथे लग्न लागत नाही. तिने निरोप धाडला, घसा बसलाय. सहदेव नवरीला घेऊन मानपाड्याला व्याह्यांच्या दारी गेला आणि तिथे लग्न उरकलं. पोर रडत गेली. तक्रार करणार कशाची? घसा बसणं काही गुन्हा नव्हे. वकिलाने फी घेऊन काढली असती ती पळवाट आपण फुकटात काढली, हे काळुराम पुढे तीन वर्षं ज्याला त्याला सांगत होता. लाज नावाची चीज त्याला देवाने दिलीच नव्हती.

मग जयाचं लग्न आलं. मोठा मांडव पडला, भाताची हंडी चढली, नवऱ्याकडची माणसं येऊन बसली. गावातलं मात्र चिटपाखरू फिरकेना. काळुराम स्वतः आवडाबाईच्या दारी गेला. ती जात्यावर ओव्या म्हणत होती, आवाज पार खाडीपर्यंत.

"आवडाबाय, चल गो. पोरीची हलद लागली."

तिने जातं थांबवलं. "कशी येऊ, दादा? घसा बसलाय. सहदेवच्या पोरीच्या येलेला तूच बसवलास ना?"

"मना वालीत टाकता क काय तुमी?"

"छे रं! कायदा हाय ना."

तो परत आला. वाटेतली सगळी दारं लोटलेली, आणि भाताचा वास अख्ख्या आळीत. मांडवात हळदीची जया मुंडावळ्या बांधून बसली होती.

"बा, आवडामावशी येतं ना?"

"येल गो," काळुराम म्हणाला. "गावाला जरा कामा हान."

त्या दिवशी ओट्यावर सहदेवला चहा जयानेच आणून दिला होता. तिने मुंडावळ्या सोडल्या.