पेडलवरचा भित्रा पाय

ऑफिसातल्या निरोपसमारंभांची मला शिसारी येते. ती आमच्या दुबईच्या ऑफिसामुळेच यायला लागली.

अकाउंट्समधल्या वसईच्या अंकलना वरून कळवलं गेलं: व्हिसा आता वाढणार नाही, खलास. हे अंकल पूर्वी वीकेंडला एका हॉटेलच्या बँडमध्ये पेडल स्टील गिटार वाजवायचे. हे वाद्य गळ्यात अडकवत नाहीत. ते टेबलासारखं पायांवर उभं असतं. डाव्या हातानं स्टीलची कांडी तारांवर सरकवायची, उजव्यानं तारा छेडायच्या, खाली पायानं पेडल दाबायचं, गुडघ्यानं खटका ढकलायचा. की सूर चढतो, हुंदका आवरल्यासारखा. अंकलचा गुडघा गेला आणि वाजवणं संपलं. जाण्याआधी त्यांना एवढंच हवं होतं, की एका जुन्या अमेरिकन कंट्री गाण्यातला त्यांचा स्टीलचा भाग दुसऱ्या कुणाच्या हातून ऐकावा. लहानपणी सतार शिकलेली ऑफिसात मी एकटीच, म्हणून मी.

इंटरनॅशनल सिटी या दुबईतल्या वस्तीतल्या त्यांच्या खोलीत शिकवणी सुरू झाली. मी सवयीनं बूट दाराबाहेर काढून बसले. सूर काही केल्या वर पोचेना.

"पेडल ढिलं झालंय वाटतं, अंकल."

"पेडल बरं आहे गं. तू ते दाबत नाहीस, त्याची माफी मागतेस."

खरं होतं. वाद्याला पाय लागला की हात कपाळाला न्यायचा, हे आईनं सतारीबरोबरच शिकवलेलं. पेडलला अंगठा टेकला की माझा उजवा हात तारा सोडून वर निघायचा. पुण्यात असल्याच रूढींविरुद्ध चौकाचौकांत पत्रकं वाटणारी मी! स्वतःच्याच पायाची किळस आली.

अंकल खो खो हसले. "एवढी पत्रकं लिहिलीस, एखादं पायाला वाचून दाखव. आता बूट घाल."

"घरात?"

"घरात. आणि खालपर्यंत दाब. काही मरत नाही."

बूट घातले. दाबलं. चिडून, दात-ओठ खाऊन दाबलं. हळूहळू ती ओळ यायला लागली आणि अंकल डोळे मिटून ऐकायला लागले.

मग उजाडला समारंभाचा दिवस. हॉलमध्ये कंट्री गाण्याला साजेशा प्लॅस्टिकच्या काउबॉय टोप्या आणि गवताचे खोटे भारे, पुढे मंचावर अंकलचं स्टील. कार्यक्रम बसवणारा एचआरवाला म्हणाला, "मॅडम, लाइव्ह-बिव्ह रिस्क नहीं लेने का. ट्रॅक है ना. आप सिर्फ हाथ हिलाओ."

"अंकलना माझ्याकडून ऐकायचंय. ही फसवणूक आहे."

"हबीबी, पार्टी है, मोर्चा नहीं."

स्टील स्पीकरला जोडायची माझी केबल त्यानं काढून घेतली होती. रेकॉर्ड केलेला ट्रॅक सुरू झाला. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तसेच ठेवले. स्पीकरमधून स्टील रडत होतं आणि स्टीलसमोर मी नुसती बसून! आता तरी कुणी ओरडेल, विचारेल? छे! मोबाइल वर करून सगळे तेच शूट करत होते. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "व्हॉट अ परफॉर्मन्स!" म्हणाले. ज्या माणसासाठी हा तमाशा, त्याच्याकडे पाहायलाही कुणाला वेळ नव्हता. पुढच्या रांगेत टोपी न घातलेले अंकल तेवढे माझ्या पायांकडे बघत होते.

सगळी गर्दी बुफेकडे धावली. मी एचआरवाल्याच्या खुर्चीखालून केबल ओढून काढली, जोडली. अंकल लंगडत आले, खुर्ची ओढून जवळ बसले. मी वाजवायला लागले. एक जागा चुकली, कांडी खरखरली. हुंदक्याची जागा आली तेव्हा बूट खालपर्यंत दाबला. हात कपाळाकडे गेला नाही.

एचआरवाला प्लेट घेऊन धावत आला. "यल्ला, चलो मॅडम, हॉल खाली करना है!"

अंकलनी त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्या गुडघ्यावर बोटानं टिचकी मारून म्हणाले, "पाय लवकर उचललास. ती ओळ परत घे."

मी परत घेतली.