पिवळी बारा, लाल पाच

एखादं काम तासाभरात उरकलं, तर त्याची पुन्हा कुणी आठवणही काढत नाही. पण त्याच कामाला सहा महिने लागले आणि मधे दोन-तीनदा जीव कंठाशी आला, की मग चहाला बसल्यावर दुसरं काही बोलणंच सुचत नाही. माझं तसंच झालंय. कुणी सहज विचारलं, "काय मंगेश, हल्ली काय नवीन?" की मी कप खाली ठेवतो आणि सुरू होतो!

आम्ही तिघं. मी रोह्याजवळच्या धाटावला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. दुसरे दिलीपदादा. साठी ओलांडलेले, जवळच्या अष्टमी गावात त्यांचं टीव्ही-रेडिओ रिपेअरिंगचं दुकान. आणि तिसऱ्या वैशाली मॅडम, पेणच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. त्या माझ्या बायकोच्या मावसबहीण, त्यामुळे मी त्यांचा भाओजी. पण मीही त्यांना मॅडमच म्हणतो. त्यांच्यासमोर दुसरं काही तोंडातून निघत नाही.

शाळेनं जुने कंप्युटर मोडीत काढले. प्रत्येकात पॉवर सप्लायचा एक पत्र्याचा डबा असतो. मॅडम म्हणाल्या, "भाओजी, प्रयोगशाळेत सेल सारखे संपतात. या डब्यांचे टेबलावर ठेवायचे सप्लाय करून द्या."

पिवळी वायर बारा व्होल्ट, लाल पाच, काळी कॉमन, म्हणजे परतीची. हिरवी काळीला जोडली की डबा सुरू. सांगायला एवढंच!

*

मॅडमनी आठ डबे गोणीत भरले आणि पेणहून रोह्याच्या एसटीत बसल्या. वडखळ मागे पडलं आणि एका खड्ड्यात गोणी आडवी झाली. तोंडातून लाल, पिवळ्या, काळ्या वायरींचा हा एवढा झुबका बाहेर!

शेजारच्या मावशींनी आधी पाय वर घेतले, मग पिशवी वर घेतली, मग ओरडल्या. मागून आवाज आला, "गाडी थांबवा! गाडी थांबवा!" दोन मिनिटांत अख्खी एसटी रिकामी. लोक रस्त्यापलीकडे जाऊन उभे. आत फक्त मॅडम आणि गोणी.

मॅडम सांगतात, "भाओजी, सगळ्यांचे मोबाईल माझ्याकडे रोखलेले. मला वाटलं, आता उद्या शाळेत तोंड कसं दाखवू!"

कंडक्टर तेवढा दारात उभा राहिला. तिकिटाचं मशीन त्यानं ढालीसारखं पुढे धरलेलं. "ताई, खरं सांगा. काय हाय यात?"

मॅडमनी शाळेचं ओळखपत्र पुढे धरलं. "पॉवर सप्लाय आहेत. कंप्युटरचे."

"चालू केल्यावर काय होतं?"

"आतला पंखा फिरतो."

कंडक्टरनं गोणीकडे पाहिलं, मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाला, "मग एक माझ्या सीटपाशी लावा की!"

*

पहिला डबा दादांच्या दुकानात मीच उघडायला घेतला. वीस वर्षं कंपनीत काम केलेला माणूस मी, मला कोण शिकवणार? प्लगला लावून बघितला, सुरू होईना. प्लग काढला, झाकण काढलं आणि सरळ आत बोट घालायला गेलो.

दिलीपदादांनी माझ्या मनगटावर असं हाणलं, की हात जाऊन भिंतीवर आपटला.

"दादा, प्लग काढलाय!"

"गप बस."

त्यांनी होल्डरमध्ये बल्ब अडकवला, त्याच्या दोन वायरी डब्यातल्या जाड कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या नळकांड्याच्या, पायांना टेकवल्या. प्लग माझ्यासमोर टेबलावर पडलेला. भिंतीशी काही संबंध नाही. आणि बल्ब लखकन पेटला! क्षणभरच. मग विझला.

तीनशे व्होल्ट होते तिथे, आणि माझं बोट त्यापासून वीतभर अंतरावर होतं.

दादांनी शांतपणे बल्ब खाली ठेवला. "कंपनीत तुला बोनस देतात ना? तो आज मिळाला समज."

त्या दिवसापासून प्रत्येक डबा आधी दादा रिकामा करतात, मीटरवर शून्य दाखवतात, मग मी हात लावतो. आणि एक हात खिशात, म्हणजे करंट एका हातातून दुसऱ्यात, छातीतून जायला नको!

*

पहिला सप्लाय तयार झाला. पुढे लाल, पिवळे, काळे टर्मिनल, बाजूला बटण. आतला एक कपॅसिटर दादांनी बदललेला.

दादा म्हणाले, "कपॅसिटर उलटा बसला असंल तर गोळीसारखा फुटंल. मागं व्हा."

मॅडम त्या दिवशी मुद्दाम पेणहून आलेल्या. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीखाली. दादा दाराआड, हातात पडदा लावायची लाकडी काठी. काठीच्या टोकानं बटण दाबायचं होतं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. मॅडम पुटपुटल्या, "मी जोडणी तीनदा तपासलीय. तीनदा!"

टक्. बटण दाबलं गेलं.

काहीच नाही. एक सेकंद. दोन सेकंद. आणि मग, फाट्!!

मी पळालो ते थेट रस्त्यापलीकडे. मॅडम माझ्या पुढे! दादांनी काठी टाकली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला, हातात फाटकी ट्यूब. आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, "माझी ट्यूब फुटली. तुम्ही कशाला पळताय?"

आत पंखा मस्त फिरत होता.

*

आठही सप्लाय शाळेत पोचले. दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. हेडसरांनी टेबलावर नवं कापड अंथरून घेतलेलं. मॅडमनी पहिला डबा सुरू केला, पत्र्याला हात लागला आणि बोटांत झिणझिण्या आल्या.

मला फोन. "भाओजी, मुंग्या येतात."

"प्लगला अर्थिंग आहे का?"

पलीकडे बोर्ड उघडल्याची खुडबुड. मग, "तिसरं भोक आहे. पण मागे वायरच नाहीये!"

मी म्हटलं, एकही डबा लावू नका. मॅडमनी सगळे प्लग काढले. तेवढ्यात हेडसर आले. "मॅडम, जरा मुंग्या येतात तर काय झालं? उद्या साहेब येणार. मुलांना सांगा, पत्र्याला हात लावू नका."

"सर, आठवीतली मुलं आहेत. नको म्हटलं की आधी तिथेच हात लावतील."

"मी सांगतोय ना, लावा!"

मॅडमची नोकरी अजून कायम व्हायची होती. पण त्यांनी प्लग लावला, बटण दाबलं आणि डबा हेडसरांसमोर सरकवला.

"सर, आधी तुम्ही हात लावा."

हेडसरांनी हात पुढे केला. मागे घेतला. चष्मा पुसला. मग दारात जाऊन शिपायाला ओरडले, "अरे, वायरमनला बोलाव! आत्ता! आणि खड्डा खणायला पहार आण!"

साहेब आले तेव्हा अर्थिंगचं काम चालूच होतं. त्यांना सगळ्यात जास्त तेच आवडलं!

*

आमच्या रोह्याच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर म्हात्रे काका राहतात. दम्याचे जुने पेशंट. एका दुपारी लाइट भगभगली, गेली, परत आली. पाचच मिनिटांत काकू आमच्या दारात.

"मंगेश, ह्यांना धाप लागलीय रं! वाफेचं मशीन चालत नाय!"

खाली गेलो. काका पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर-खाली. बोलता येत नव्हतं. मशीनचा अडॅप्टर जळाला होता. रिक्षावाल्याला फोन केला, तर पुलावर ट्रक अडकलेला. येतो म्हणाला, कधी ते सांगेना.

अडॅप्टरवर वाचलं, बारा व्होल्ट. मी जिना चढलो कसा आणि स्वतःसाठी बनवलेला नववा सप्लाय घेऊन उतरलो कसा, आठवत नाही. अडॅप्टरची पिन वायरीसकट कापली. दोन वायरी, दोन्ही काळ्या. उलट्या जोडल्या असत्या तर मशीनही गेलं असतं. आतल्या पिनला कुठली वायर जाते ते बघायला मीटर लावला, टोक घसरलं. परत लावला. आतली पिन प्लस, तसं अडॅप्टरवरच छापलेलं. जोडली.

मशीन घरघरलं. मास्कमधून वाफ आली. काकूंनी हात जोडले.

आणि मशीन बंद!

परत सुरू. परत बंद. मी टर्मिनल आवळले, बटण हलवलं, काही कळेना. तेवढ्यात काकांनी हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं. डोळे मोठे. मास्कच्या आत ओठ हलत होते.

काकूंना रडू कोसळलं. "मला सांभाळ म्हनतायत रं तुला!"

मी सगळं सोडून धावत पलंगापाशी गेलो, गुडघ्यांवर बसलो, काकांचा हात धरला. "काका, मी हाय. काकूंची काळजी करू नका."

काकांनी जोरजोरात मान हलवली. मशीन सुरू झालं होतं. या वेळी थांबलं नाही.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. खांदे हळूहळू खाली आले. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. काकांनी मास्क बाजूला केला.

काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अवो, काय सांगायचं व्हतं मंगेशला?"

काकांनी एक लांब श्वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गाढवा, वायरीवर पाय व्हता तुझा!"