डब्यातलं सिम

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीतले खून, दरोडे बरेचसे विसरलो; पण विहिरीवरच्या खोलीत भिंतीला ठोकलेला तो लोखंडी डबा आठवला की आजही थक्क व्हायला होतं. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेवढ्यात पोलीस पाटलाचा फोन आला. संत्र्याच्या बगिच्यात वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार विहिरीजवळ मरून पडला होता. गेलो. हातात मोटरची सोललेली केबल, तळहात भाजलेले. तुटलेली केबल जोडताना शॉक लागला, हे कोणालाही कळत होतं. त्यानं मेन स्विच पाडून वीज तोडली नव्हती. आपल्याकडे कोण पाडतं? मोटर बंद दिसली की सगळे तशीच तार जोडायला बसतात. आकस्मिक मृत्यूची नोंद केली. पंचनाम्यात ‘भिंतीवर स्टार्टरचा एक डबा’ एवढं एका ओळीत लिहून मोकळा झालो. डबा उघडून पाहिला नाही. आळसच होता तो, दुसरं काय.

दोन दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. “साहेब, तो मेला नाही, त्याले मारलं. आदल्या दिवशी स्टँडवर मालकाशी त्याचं वाजलं होतं. डब्यात सिम हाये. कोणाचा फोन आलता ते काढा.” अन् फोन बंद.

“डब्यात सिम?” मी हवालदाराला विचारलं.

त्यानं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. “हाव साहेब. आता बगिच्या-बगिच्यात हेच हाये. लाइन आली का डबा आपल्याले फोन करते. आपण उलटा फोन लावून एक दाबला का मोटर चालू.”

“अन् शेतात कोणी नसलं तरी?”

“कोणीच लागत नाही. तुमी दिल्लीत बसून लावा ना.”

मी खुर्चीत टेकलो. विळा, कुऱ्हाड, फवारणीचं औषध, सगळं जप्त केलं होतं आयुष्यात. माणसाला हातही न लावता, नुसता एक आकडा दाबून मारता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

तो वादही गावानं पाहिला होता. सालदार पाडव्याला साल संपलं की दुसऱ्याकडे लागणार होता. मालक भर स्टँडवर म्हणाला होता, “जाऊन तर पाह्य, तुले दाखवतोच.” आता या वाक्याला वजन आलं.

डबा जप्त केला. नवा कायदा नुकताच लागू झाला होता; जप्तीचं चित्रीकरण करायचं होतं. हवालदार मोबाइल धरून उभा, तर पंच केस नीट करत बसला. “बाप्पा, तुझं लग्न नाही लागून राहिलं,” मी ओरडलो. मग पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या सायबर शाखेमार्फत त्या सिमवर आलेल्या कॉलचा आणि कॉल करणाऱ्या नंबराचाही तपशील मागवला.

तो यायला आठ-दहा दिवस गेले. तेवढे दिवस सालदाराची बायको रोज ठाण्यात यायची. आवारातल्या कडुनिंबाखाली बसायची. रडणं नाही, आरडाओरड नाही. मी बाहेर आलो की एकच विचारायची, “समजलं काय साहेब, कसा मेला तो?” तिच्यासमोरून जाताना माझी मान खाली जायची.

तपशील आला. सकाळी अकरा वाजून काही मिनिटांनी डब्याला एकच कॉल. आणि तो नंबर मालकाच्या नावावर. झालं! आदल्या दिवशी भांडण, दुसऱ्या दिवशी कॉल. माझ्या मनात आरोपपत्र तयारही झालं.

मालकाला बोलावलं. पन्नाशी उलटलेला, फाटक्या तोंडाचा गडी. “मी काहून मारू त्याले? बारा वर्षं होता माह्याकडं.” मी कागद पुढे सरकवला, नंबरावर बोट ठेवलं. त्यानं तो नंबर नीट पाहिला आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. मग म्हणाला, “हाव. म्याच केला फोन. मुद्दाम केला. लिहून घ्या.”

हवालदार खूश. मी नाही. पोलिसापुढची कबुली तशीही न्यायालयात चालत नाही. आणि इतक्या वर्षांत फासाच्या दिशेनं एवढ्या घाईनं निघालेला आरोपी मी पाहिला नव्हता. सहज माझा मोबाइल त्याच्या हातात दिला. “कसा केला ते दाखवा.”

त्यानं मोबाइल दोन्ही हातांत धरला. काच बोटानं चोळत राहिला. नंबर लावणं दूरच, त्याला तो उघडताही येईना.

मी कागद पुन्हा घेतला आणि लाज वाटली. नाव पाहूनच मी तपास संपवला होता. शेवटचा रकाना वाचलाच नव्हता. कॉल कोणत्या टॉवरवरून झाला, ते तिथं लिहिलेलं होतं. अकोला. आणि मालक त्या वेळी गावातच, ग्रामपंचायतीत चार लोकांत बसलेला होता, हे जबाबांत आधीच आलेलं होतं.

“अकोल्यात कोण आहे?” मी विचारलं.

तो खाली बसला. “माही पोरगी. साहेब, तिचं नाव नका घेऊ. मले आत टाका, पण तिचं नाव नका घेऊ.”

सिम बापाच्या नावावर, फोन लेकीच्या हातात. गावोगाव असंच असतं, आणि मी मात्र कागदावरच्या नावालाच माणूस समजून बसलो होतो. डबा बसवला तेव्हा मुलीनंच स्वतःचा फोन त्याला जोडला. मग ती परिचारिकेचं शिक्षण घ्यायला अकोल्याला गेली. बापाला ते बटण जमेना. म्हणून लाइन आली की डबा अकोल्याला फोन करायचा, आणि ही पोरगी कॉलेजातून बगिच्याला पाणी लावायची.

बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. महिला शिपायाला घेऊन मीच तिच्या वसतिगृहात गेलो. तिनं काही लपवलं नाही.

“मले त्याच दिवशी समजलं, साहेब. डब्याचा फोन आला, मी उलटा लावून एक दाबला. मशीन बोललं, मोटर चालू झाली. अन् लगेच बंद झाली. संध्याकाळी बाबांनी सांगतलं, काका शॉकनं गेले. मी माह्या फोनातला टाइम पाह्यला, तोच होता. बाबा म्हणे कोणाले सांगू नको. मले जेवण जाऊन नाही राहिलं.”

त्या कागदात कॉल किती सेकंदांचा, कोणत्या टॉवरचा, सगळं होतं. तिच्या मनात त्या वेळी काय होतं, याचा रकाना नव्हता. तो रकाना माणसाला गाठूनच भरावा लागतो. हवालदार म्हणत होता, निष्काळजीपणाचा तरी गुन्हा लावा. मी नाही लावला. डबा लाइन आल्याचं सांगतो. तारेला कोणाचा हात लागला आहे हे सांगत नाही. तसाच अहवाल कागदांसह वर पाठवला, आणि तो मान्य झाला.

पण कडुनिंबाखालच्या बाईला उत्तर द्यायचं बाकी होतं. मी सांगतो म्हटलं. मुलगी म्हणाली, “मीच सांगतो.”

आम्ही सालदाराच्या घरी गेलो. बाप दारातच थांबला, त्याला आत यायचं धाडस होईना. मुलगी अंगणात त्या बाईसमोर बसली आणि एका दमात सगळं बोलून गेली. बाई तिच्याजवळ सरकली. मला वाटलं, आता ही हात उगारेल, आणि तो मी अडवणार नव्हतो.

“तूच लावे का ते मोटर?” बाई हळूच म्हणाली. “तो रोज घरी येऊन सांगे. म्हणे, पोरगी अकोल्यात बसते अन् इथं पाणी येते. मोठं कौतुक होतं त्याले तुयं.”

मुलगी जमिनीवर कोसळून रडायला लागली. बाई उठली, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि तिच्यापुढे ठेवला.

हा माणूस कसा मेला, ते मला यंत्रानं मिनिटासकट सांगितलं. ती विद्या मोठी आहे, मी तिच्यापुढे हात जोडतो. पण त्या अंगणात मी टोपी काढून उभा होतो, तो यंत्रासाठी नव्हे.