एलेनीमावशीचा गहू

निकोचा फोन आला तेव्हा मी देशी दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या चाळत होते. "मॉम गेली," एवढंच तो म्हणाला. जुड्या तिथेच टाकून मी बाहेर आले आणि पार्किंगमध्ये भर उन्हात नुसती उभी राहिले...

निकोची आई, एलेनीमावशी, म्हणजे इथे अमेरिकेत मॉरिसव्हिलमधली आमची शेजारीण, मूळची ग्रीसच्या डोंगराळ भागातली. बोटभर जाडीच्या लांब काठीने ती कागदासारख्या पातळ पोळ्या लाटायची आणि आमच्याच लॉनमधलं तण खुडून, चीज घालून त्यांच्या थरांत भाजायची. "जेवण उपटून कचऱ्यात टाकता तुम्ही!" म्हणून मला झापायची. बडबडी, हट्टी आणि मिठाचा हात जरा सैलच.

सांगलीला माझी आई वारली तेव्हा व्हिसाच्या घोळात मला जाता आलं नाही. चाळिसाव्या दिवशी मावशी ताट घेऊन दारात हजर. शिजवलेला गहू, डाळिंबाचे दाणे, बदाम, बेदाणे, वर पिठीसाखरेचा थर. हा कोलिवा. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने चाळिसाव्या दिवशी आणि वर्ष झालं की तो चर्चमध्ये वाटतात. "तुझ्या आईचं नाव घेऊन केलाय, खा," ती म्हणाली. मी रडत रडत खाल्ला. मग म्हणाली, "माझा तू कर. निकोला अंडंसुद्धा उकडता येत नाही. आणि विकतचा आणलास तर याद राख!"

मी सांगलीची, खपली गव्हाची खीर खात वाढलेली. गहू मला कोण शिकवणार? तिच्या चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी खिरीसारखा फुटेस्तोवर मऊ शिजवला, गरमागरमच साखर-डाळिंब कालवलं आणि झाकून ठेवला. सकाळी झाकण काढलं तर वर फेस. "आई, इट स्मेल्स फनी," लेक म्हणाली. पुन्हा करायला वेळ नव्हता. पिंडाला कावळा शिवला नाही की जीव कासावीस होतो, तसं झालं. ओट्यापाशी खाली बसून मी ओक्साबोक्शी रडले.

चर्चमध्ये प्रार्थना झाली, मावशीचं नाव घेतलं गेलं. तिच्या मैत्रिणी सवयीने दाराशी ओंजळ करून थांबल्या आणि माझे हात रिकामे... एकीने पाठीवरून हात फिरवला, तोही सोसवेना.

दुपारी निको तिचं घर आवरत होता, मी मदतीला गेले. जेवणाच्या टेबलावर पांढुरके डाग दिसले, म्हणून विचारलं.

"गव्हाचे. शिजवला की रात्रभर इथे चादरीवर पसरायची. खडखडीत कोरडा झाल्याशिवाय साखरेला हात लावू द्यायची नाही. आम्ही उभ्यानेच जेवायचो." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "यू डिडन्ट नो?"

टेबल मी मागून घेतलं. दर शनिवारी त्यावर चादर अंथरून गहू पसरते. आता दाणा न् दाणा सुटा वाळतो. निको म्हणतो, वर्ष पूर्ण होईल तेव्हा कर. करीन. पण चाळिसावा एकदाच येतो, आणि त्या दिवशी मावशी माझ्या दारातून उपाशी गेली.